पांढऱ्या पिराच्या मॅडम

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला मी रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या प्रयोगशाळेतून आवाज आला, "दिसलं ते लिहा. दिसायला पाहिजे होतं ते लिहू नका." आवाज बाईचा होता, पण त्यात अशी काही जरब होती की माझ्या वर्गातल्या पोरांनीसुद्धा एकदा आपापल्या वह्यांकडे पाहून घेतलं. मीही फळ्यावरचं गणित पुन्हा तपासलं. ते चुकलेलं होतं.

त्या सुलोचना मॅडम. बुटक्या, काटक, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि बोटांची टोकं नायट्रिक ॲसिडनं कायमची पिवळी पडलेली. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "विचारणारे आले तेव्हा मला वेळ नव्हता, मला वेळ झाला तेव्हा कुणी आलं नाही." यात दुःख किती आणि माहिती किती, हे समोरच्याला कळत नसे. बहुतेक नुसती माहितीच असावी.

बाई खोटं बोलत नसत. खरं बोलणारी माणसं जगात खूप असतात, पण ती सवडीनं खरं बोलतात. मॅडमना सवड लागत नसे. आमच्या क्लार्कला मुलगा झाला तेव्हा सगळा स्टाफ पेढे खात "अगदी बापावर गेलाय" म्हणत होता. मॅडमनी बाळ हातात घेऊन नीट निरखलं आणि म्हणाल्या, "सध्या कोणावरच गेलेला नाही." जेवणाची त्यांची सर्वांत मोठी तारीफ म्हणजे "मीठ बरोबर आहे." एकदा त्यांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'आज शिकवायचा कंटाळा आला आहे.' आमचे प्रिन्सिपल तेलुगू, पण नोकरीचा जन्म निजामाच्या मुलखातला. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम गारू, दरखास्तीत असं लिहितात का? पोट दुखतं म्हणून लिहा." मॅडम म्हणाल्या, "पोट दुखत नाही ना पण." रजा मिळाली नाही. मॅडमनी कंटाळत शिकवलं आणि पोरांनाही तसं आधी सांगून टाकलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मात्र त्यांची कुणाला दया येत नसे, कारण त्यांना कुणाची येत नसे. एका पुढाऱ्याच्या मुलीनं बाटलीतलं मीठ न तपासताच शेजारणीचं उत्तर उतरवलं. मॅडमनी शून्य दिलं. पुढारी जीप घेऊन आला, प्रिन्सिपलच्या खोलीत बसला, चहा मागवला. मॅडमना बोलावणं गेलं. "तिनं क्लोराईड लिहिलंय, बाटलीत सल्फेट आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्याच्यानं बाटलीतलं बदलत नाही." पुढाऱ्याला रसायनशास्त्र कळत नव्हतं, पण ही बाई हलणार नाही हे कळलं. तो उरलेला चहा पिऊन गेला.

हे सगळं आम्ही स्टाफरूममध्ये हसत हसत सांगायचो. मॅडम म्हणजे आमचा विनोदाचा विषय होता, आणि मीही त्यात पुढे होतो. ते हसू हैदराबादच्या सहलीत संपलं.

मुलांना घेऊन आम्ही तिथल्या संग्रहालयात गेलो होतो. पोरं घड्याळांच्या दालनाकडे पळाली. मॅडम मात्र एका कपाटासमोर थांबल्या आणि हलेनात. आत काळ्या धातूची जुनी भांडी होती, सुरया, तबकं, हुक्क्याची बैठक. दाट, ओल्या मातीसारखं काळं, आणि त्या काळ्यावर चांदीच्या बारीक तारेची फुलं, वेली, अरबी अक्षरं. खाली पाटीवर लिहिलं होतं: बिदरी काम. धातू म्हणजे जस्त आणि थोडं तांबं. त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून चोळायची. जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते. काळ्यामुळं चांदी दिसते.

मॅडमनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. मग मला विचारलं, "सर, हे काळं मुद्दाम केलेलं असतं?"

"असं लिहिलंय खरं."

"म्हणजे मळ नाही तो."

"मळ कसा असेल? तीच तर कला आहे."

मॅडम पहारेकऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या. पहारेकरी हिंदीत काहीतरी बोलत होता, ते त्यांच्या कानांत शिरलंच नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. बाई रडतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्या रडल्या.

परतीच्या बसमध्ये मागं पोरांच्या गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. मॅडमनी खिडकीबाहेर बघत मला सगळं सांगितलं.

त्यांचं गाव भीमपूर मंडलात, अगदी पैनगंगेच्या काठाला. पलीकडं महाराष्ट्र. गावात मुसलमानाचं घर एकच, मुजावराचं, पण मोहरम सगळ्या गावाचा. आशुरखान्यात, म्हणजे पिरांच्या घरात, पीर बसतात, सवाऱ्या निघतात, आणि पुढं नाचणारे, पाणी शिंपडणारे, नवस बोलणारे सगळे कुणबी, माळी, गोंड. पीर म्हणजे धातूचा पंजा, काठीवर बसवलेला. गावातला मोठा पंजा फार जुना, कुण्या बादशाहीतला, आणि काळाभोर. त्याच्यावर चांदीची अक्षरं होती. मोहरमच्या आधी तो धुवायचा मान मॅडमच्या घराण्याचा. आणि त्या धुण्याची रीत अशी की पडदा लावायचा आणि आत पीर आणि धुणारा, दोघंच. नदीचं पाणी आणि वर तिळाच्या तेलाचा हात, इतकंच. पंजाला कापडं चढवून बाहेर आणेपर्यंत तो दुसऱ्या कुणी पाहायचा नाही.

मॅडम बी.एस्सी. झाल्या त्या वर्षी वडिलांचा हात लुळा पडला होता आणि भाऊ अजून शाळेत जात होता. मुजावर म्हणाला, पोरगी धुवील, काय बिघडतं?

"मी ठरवून नेलं होतं सर," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली आणली होती. मला वाटलं, इतक्या पिढ्यांचा ऊद, तेल, काजळी त्याच्यावर बसलीय. शिकलेल्या मुलीनं धुतल्यावर कसा लखलखेल. फडकं भिजवून फिरवलं, तर बुडबुडे आले. बुडबुडे आले तेव्हा कळलं की जस्त आहे. तोवर काळं सगळं उतरलं होतं. सगळा पंजा एकसारखा पांढरट झाला, आणि त्या पांढऱ्यात चांदीची अक्षरं नाहीशी झाली."

"मग?"

"मग काय. कापडं चढवून बाहेर दिला. वाऱ्यानं कापड उडालं, बायांनी पाहिलं आणि एकच ओरडा झाला. पीर उजळला, पीर उजळला! माझी आईसुद्धा लोटांगण घालत होती. मी पडद्याआड बाटली घेऊन उभी होते. तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं."

तेव्हापासून तो पांढरा पीर. त्याचा बोलबाला झाला. नदीपलीकडून बैलगाड्या यायला लागल्या, मग टेम्पो. पीर धुतलेलं पाणी आजाऱ्याला पाजायचं, आणि मोहरमनंतरचा चाळिसावा दिवस होईपर्यंत दुसरं कुठलंही औषध तोंडात घालायचं नाही, घातलं तर पीर रागावतो, हा नेम कुणी काढला ते मॅडमनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला इतके दिवस वाटायचं की मी मळ काढला आणि लोक वेडे झाले. आज कळलं की मळ नव्हताच. ती अक्षरं कुणीतरी आयुष्य घालून बसवली होती, आणि मी ती पुसली."

माझ्या मनात उगाच त्या पुढाऱ्याच्या मुलीचं शून्य आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडम एकट्या बिदरला गेल्या. तिथं एका कारागिराच्या ओसरीवर जाऊन बसल्या. किल्ल्यातली माती तो जिभेवर ठेवून चाखतो आणि मग चांगली-वाईट ठरवतो, हे मॅडमना भयंकर आवडलं होतं. "माणूस पुरावा तोंडात घेतो सर!" त्या मातीची पिशवी घेऊन आल्या. आदिलाबादच्या एका सोनाराकडून जस्ताच्या पट्टीत चांदीची तार ठोकून घेतली आणि प्रयोगशाळेत कामाला लागल्या. एका दुपारी त्यांनी मला वर्गातून हाक मारून नेलं. तिथल्या पट्टीवर तार कुठं आहे ते मला शोधूनही सापडेना, सगळं एकाच रंगाचं. मॅडमनी पट्टी गरम केली, माती आणि नवसागराचा लेप चोळला, धुतली. पट्टी कोळशासारखी काळी झाली होती आणि त्यात तारेचा बारीक वळणदार 'सु' चमकत होता.

"अक्षरं आहेत सर अजून," मॅडम म्हणाल्या. "गेली नाहीत. नुसती दिसत नाहीत. काळं परत आणलं की दिसतील." इतक्या वर्षांत त्या बाईला मी एवढी आनंदात कधी पाहिली नव्हती.

आम्ही दोघं माझ्या जुन्या गाडीतून गावाला गेलो. पीर धुवायचा मान आता त्यांच्या भावाच्या मुलाकडं, नारायणकडं होता. पांढरा पीर आपोआप पांढरा राहत नाही, जस्त पुन्हा पुन्हा मळकट होतं, म्हणून नारायण दर वर्षी लिंबू आणि भांडी घासायची पावडर लावून तो घासत असे. मॅडमनी पंजा हातात घेऊन बोट फिरवलं. काही ठिकाणी तार उचकटून निघून गेली होती. उरलेलीही जायच्या वाटेवर होती.

त्यांनी नारायणला आणि गावच्या चार कर्त्या माणसांना बसवून सगळं सांगितलं. चुकीसकट.

नारायण म्हणाला, "आत्या, तुमी म्हंता तसं असंल बी. पण लोकं पांढऱ्या पिराले पाह्यले येऊन राह्यले. त्याले काळं करून ठिवलं तर काय सांगाचं लोकायले?"

"खरं सांगायचं."

"कोन आयकते?" नारायण हसला. तो काही वाईट माणूस नव्हता. "अन् पीर नाराज झाला तर घर माझं हाय, तुमी तर बोथले ऱ्हायता."

परतताना आताचे मुजावर बाशामियाँ, त्या वेळच्या मुजावराचे चिरंजीव, गाडीपर्यंत सोडायला आले. म्हातारे, एका डोळ्यात मोतीबिंदू. मॅडमनी त्यांचीही माफी मागितली. ते म्हणाले, "बेटी, मेरे कू मालूम था. बाबा ने उसी दिन बोले थे, तेज़ाब की बू आ री करके."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"पहले तो तुम्हारी बेइज्जती होती करके चुप रहे. बाद में लोगाँ आने लगे. अब झूठ नको बोलवाओ मेरे से."

मॅडमनी त्यांना हात जोडले. आपल्यासारखं बोलणारा माणूस त्यांना गावात तोच एक भेटला असावा.

त्यानंतर माझी बदली आधी उटनूरला झाली, मग पुन्हा बोथला. मॅडम निवृत्त होऊन आदिलाबादला राहायला गेल्या. दर वर्षी मोहरमच्या आधी त्या गावाला जायच्या, नारायणला समजवायच्या आणि हात हलवत परत यायच्या. आम्ही घरी चेष्टेनं म्हणायचो, मॅडमची वारी निघाली. कधीतरी गाव ऐकेल असं त्यांना वाटत होतं. मला वाटत नव्हतं, पण मी गाडी काढायचो.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. गावात मॅडमच्या घराला लागून गिरजाचं घर. गिरजा विधवा. तिची एकुलती एक मुलगी रेखा, दहावीला होती. मॅडमनी तिला सुट्टीत गणित-विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं रेखाचा त्यांच्यावर आणि त्यांचा रेखावर जीव. पोरगी खोकायला लागली, संध्याकाळी ताप यायचा, अंगावरचं मांस उतरलं. मॅडमनी तिला स्वतः आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं, थुंकी तपासली. टीबी. गोळ्या फुकट, बरा होणारा आजार, फक्त एकही दिवस खंड पाडायचा नाही. मॅडमनी गिरजाला समजावून सांगितलं आणि निश्चिंत झाल्या.

मोहरम जवळ आला तेव्हा कळलं की गोळ्या बंद आहेत. थोडं बरं वाटायला लागलं होतं, आणि गिरजा पिराला नवस बोलली. आता पीर धुतला की त्याचं पाणी सुरू व्हायचं, आणि पाणी सुरू झालं की चाळिसाव्यापर्यंत गोळी चालायची नाही.

मॅडमनी मला फोन केला. "सर, गाडी काढा. आता लोकांना दाखवूनच देते."

धुण्याच्या दिवशी सकाळी आशुरखान्यासमोर गाव जमलं होतं. डफडी वाजत होती. मॅडम ओट्यावर चढल्या. त्यांनी सोबत एक बिदरी पट्टी आणली होती, आपल्या हातानं काळी केलेली, आणि ॲसिडची बाटली. डफडी थांबवायला लावली. आणि सगळं सांगितलं, तारुण्यातली ती सकाळ, तो पडदा, ती बाटली, सगळं. आवाज चढवून, प्रत्येक शब्द सुटा, मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जाईल असा.

"पीर उजळला नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याचं रूप घालवलं. पाहा, कसं ते."

आणि त्यांनी पट्टीवर ॲसिड ओतलं. बुडबुडे उठले, बारीक वाफ आली. काळी पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी झाली. मॅडमनी ती वर धरली.

मग पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "अवं माय, बाईच्या हातात पीर आला व!"

आणि बायांचा लोंढा ओट्यावर चढला. कुणी मॅडमच्या पायावर डोकं ठेवलं, कुणी त्या बाटलीला हळद-कुंकू लावायला धावलं. नारायणसुद्धा आपल्या आत्याकडं असा बघत होता, जणू तिला आज पहिल्यांदाच पाहतोय. मॅडम ओरडत होत्या, "अरे, ऐका! ॲसिड आहे ते! जस्त आहे हे!" डफडी पुन्हा सुरू झाली, आणि त्यांचा आवाज त्यात बुडाला. मला त्या गावाची चीड आली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. हसू फार वेळ टिकलं नाही. गिरजा रेखाला धरून वर आली होती.

"आत्याबाई, हात ठेवा हिच्या डोक्यावर," गिरजा म्हणाली. "तुमच्याच हातानं पीर पांढरा झाला. इतके दिवस तुमी आमच्यात असून आमाले नाई कळलं."

रेखा शरमून खाली बघत होती. तिला कळत होतं. मॅडमनी हात पदराखाली लपवले.

"गिरजे, गोळ्या दे तिला. हात ठेवून काही होत नाही."

"असं नोका म्हनू. ठेवा ना."

मी मॅडमच्या कानाशी जाऊन म्हणालो, "मॅडम, सांगून टाका. पिराचा हुकूम आहे, पोरीला दवाखान्यात ने, गोळ्या चालू कर. ती ऐकेल. आत्ता ती तुमचं काहीही ऐकेल."

मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की मी एक पायरी खाली उतरलो.

"इतकी वर्षं मी काय केलं मग?" त्या म्हणाल्या. "आज खरं सांगायला आले आणि दुसरं खोटं सांगून जाऊ?" आणि त्या गिरजाकडं वळून पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागल्या. जंतू, फुप्फुस, गोळ्या. गिरजा मान डोलवत राहिली. शेवटी तिनंच मॅडमचा हात पदराखालून ओढून काढला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला.

पीर बसले, उठले, नदीवर नेऊन थंड केले. मॅडम दर रविवारी गावाला जात राहिल्या. गिरजा चहा करायची, पाया पडायची आणि गोळ्यांचं नाव काढलं की म्हणायची, "चाळिसावा होऊ द्या, मंग देतो." डॉक्टर घेऊन गेल्या, तर डॉक्टरला बाहेर बाजेवर बसवून गुळाचा खडा दिला. आशा वर्करला घेऊन गेल्या, तिच्याशीही तेच. मॅडम चिडायच्या, विनवायच्या, पट्ट्या आणि बाटल्या पुन्हा दाखवायच्या. मी एकदाच पुन्हा तेच सुचवलं. त्या म्हणाल्या, "सर, एकदा मी गप्प बसले त्यातून हे सगळं उभं राहिलं. आता बोललेलं खोटं कुठवर जाईल, सांगा बरं मला."

कापसाला पात्या धरायला लागल्या होत्या, त्या दिवसांतला एक रविवार. आम्ही गेलो तेव्हा रेखा बाजेवर उठून बसली होती आणि तिच्यासमोरच्या राखेच्या टोपल्यात रक्त होतं. ती मॅडमना बघून हसायचा प्रयत्न करत होती. गिरजा तिची पाठ चोळत होती आणि पिराचं नाव घेत होती.

मॅडम दारातच उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या, आत गेल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी हे कधी पाहिलं नव्हतं आणि पाहावंसं वाटत नव्हतं.

"गिरजे," त्या म्हणाल्या, "पिराचा हुकूम झाला. आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात ने. डॉक्टर देईल ते औषध द्यायचं. चाळिसाव्याची अट पिरानं काढली."

गिरजानं एक शब्द विचारला नाही. चूल विझवली, पोरीला शाल गुंडाळली आणि दार नुसतं ओढून घेऊन गाडीत येऊन बसली. इतके रविवार जे होत नव्हतं, ते मला गाडी वळवायला लागते तेवढ्या वेळात झालं. आदिलाबादपर्यंत रेखा मॅडमच्या खांद्याला टेकली होती.

डॉक्टरांनी प्रयत्न केले. फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. पोरगी आठवडाभरही टिकली नाही.

ती गेली त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मॅडम गिरजाजवळ बसल्या होत्या. मी पाण्याची बाटली घेऊन आलो तेव्हा गिरजा रडून थांबली होती. मॅडमकडं बघत तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, कुठलाही आळ न घेता, "आत्याबाई, एक इचारू? हुकूम तुमाले आदीच झाला होता का? मंग तुमी मले आदीच काऊन नाई सांगितलं? मी तवाच आनलं असतं ना तिले."

मॅडम म्हणाल्या, "सांगायला पाहिजे होतं."

"मी आनलं असतं," गिरजा म्हणाली. "तुमाले तर ठाऊक होतं, मी आनलं असतं."

त्यानंतर मॅडमनी माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं. राग नव्हता, बोलण्यासारखं उरलं नव्हतं. बातमी कानावर यायची की त्यांनी आदिलाबादची खोली सोडली, गावात नारायणकडं राहायला गेल्या. मी पुढच्या मोहरमला गेलो. त्याच थंडीत त्या वारल्या, म्हणून ती भेट शेवटची.

आशुरखान्यासमोर मी कधी पाहिली नव्हती एवढी गर्दी होती. पीर बसला होता, नारायणनं घासून घासून पांढरा केलेला, आणि आता त्याच्यावर बोट फिरवलं असतं तरी तारेचं एक टोक लागलं नसतं, इतका गुळगुळीत. त्याच्या शेजारी चटईवर मॅडम. अंगानं अर्ध्या झालेल्या. समोर आजाऱ्यांची रांग. गिरजा रांग सांभाळत होती, लोकांना पाणी देत होती.

मॅडम प्रत्येकाला जवळ घ्यायच्या. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायच्या, नाडी बघायच्या, खोकायला सांगायच्या. आणि मग डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "हुकूम आहे. भीमपूरच्या दवाखान्यात जा." "हुकूम आहे. आदिलाबादला जा, रक्त तपासून घे." "हुकूम आहे. गोळी चुकवलीस तर पीर रागावेल." लोक पाया पडून निघायचे. बाहेर ऑटोवाले उभेच होते. मॅडमनी मला पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं.

नदीपलीकडची एक तरणी बाई होती. कडेवर मूल, तापानं डोळे मिटलेलं, श्वास लागलेला. तिनं मॅडमच्या पायावर मूल ठेवलं, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती थोडी मागं सरून म्हणाली, "बाई, रागावू नोका. पन खरंच बोलते का पीर तुमच्यासंगं?"

गिरजाचा पाण्याचा हात थांबला. मॅडमनी मुलाच्या छातीला कान लावला, ऐकलं, आणि मूल उचलून तिच्या कडेवर परत दिलं.

"बोलतो," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच तुझं नाव घेतलं त्यानं. म्हणाला, ती येईल, तिला एक घटकाही बसू देऊ नको. जा, पळ."

बाई मूल छातीशी धरून ऑटोकडं धावत सुटली. मॅडमनी तिला नाव विचारलंच नव्हतं.